सीतेचं नाव घेऊन सही मागू नका



आजचा लेख पाककृतीचा नाही आणि चातुर्मासाच्या नियमांचाही नाही. आज जरा भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं ती माणसं परकी नाहीत, आपल्याच घरातली, देवदर्शन चुकवत नाहीत अशी आहेत. म्हणून आधीच सांगते, माझा राग कोणा एका माणसावर नाही, एका वाक्यावर आहे. ते वाक्य असं: "अगं, सीतामाईसारखं मोठं मन ठेव."

हे वाक्य कधी कानावर पडतं ते आठवून पाहा. बाईला काही मिळतं तेव्हा ते कोणी म्हणत नाही. पुरुषाला तर "रामासारखं मोठं मन ठेव, राज्य सोड" असं सांगताना मी साठ वर्षांत कोणाला ऐकलं नाही, आणि रामाने तर खरोखरच राज्य सोडलं होतं. सीतेची आठवण बाईकडून काही काढून घ्यायचं असतं तेव्हाच होते. कधी तिची झोप, कधी तिची नोकरी, कधी तिचे दागिने. आणि हल्ली आपल्या भागात सगळ्यात जास्त वेळा तिची सही.

कोणती सही ते सांगायला नको. हक्कसोडपत्रावरची.

आमच्या नात्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ती आपल्याच घरातली वाटेल. वडील जाऊन महिना झाला नव्हता. भावाचा फोन आला, "उद्या निबंधकाच्या ऑफिसात यायचं आहे, आधार कार्ड आणि दोन फोटो आण." कशासाठी, असं तिने विचारलं तेव्हा घरातली एक वडीलधारी बाई म्हणाली, "सीतेने कधी हिस्सा मागितला होता का?" मुलगी गप्प बसली आणि जाऊन सही करून आली. पुढे तीन वर्षांनी तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन निघालं. ती माहेरी गेली. भाऊ वाईट नाही, त्याने पैसे दिले. पण उसने दिले, वहीत लिहून दिले. वडिलांच्याच बांधीतलं धान विकून आलेला पैसा लेकीला उसना मिळाला! मी बी.कॉम. शिकले आहे, कीर्द-खतावणी मला कळते. पण अशी नोंद कोणत्या खात्यात बसते ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा "सीतेने कधी हिस्सा मागितला होता का" या प्रश्नाला आज उत्तर देते. प्रश्न त्यांनी काढला आहे, मी नाही.

आधी आपल्या ग्रंथांपासून सुरू करू. सीता आपल्यालाही परकी नाही. सोळा सतींच्या नामस्मरणात आपण तिचं नाव घेतो. विमलसूरींचं प्राकृत 'पउमचरियं' आणि सातव्या शतकातलं रविषेणाचार्यांचं संस्कृत 'पद्मपुराण' या दोन्हींत तिची कथा सविस्तर आहे. आपल्या कथेत ती शेतात सापडलेली नाही. ती जनक राजा आणि विदेहा राणीची पोटची लेक आहे आणि तिला भामंडल नावाचा जुळा भाऊ आहे. लोक कुजबुजू लागले म्हणून रामाने तिला सोडलं, तेही तीर्थवंदनेच्या निमित्ताने रथात बसवून. सेनापती कृतांतवक्त्राने तिला घोर अरण्यात उतरवलं. ती गरोदर होती.

त्या वेळी तिने सेनापतीबरोबर रामाला जो निरोप पाठवला, तो माझ्या मते साऱ्या रामकथेतला सगळ्यात धारदार निरोप आहे. भावार्थ असा की, लोक बोलतात म्हणून मला सोडलंत ते सोडलंत, पण उद्या लोक धर्माची निंदा करू लागले तर धर्म मात्र सोडू नका. मैत्रिणींनो, हे मुकाट सोसणाऱ्या बाईचं बोलणं आहे का? तिने शिवी दिली नाही, आकांडतांडव केलं नाही, पण रामाच्या निर्णयातली चूक अचूक दाखवून दिली.

पुढे काय झालं? पुंडरीकपूरचा राजा वज्रजंघ त्या अरण्यात आला होता. त्याने तिला धर्माची बहीण मानलं आणि आपल्या घरी नेलं. तिथेच लवण आणि अंकुश जन्मले, वाढले. ना रक्ताचं नातं, ना ओळख. तरी घराचं दार उघडलं आणि बदल्यात काही मागितलं नाही. राखीपौर्णिमेला भावांना गोष्ट सांगायचीच असेल तर वज्रजंघाची सांगा. सीतेसारखी बहीण हवी असेल तर वज्रजंघासारखा भाऊ आधी व्हावं लागतं.

आणि शेवट? अग्निपरीक्षा झाली, अग्निकुंडाचं पाणी झालं, सगळ्यांनी जयजयकार केला. रामाने क्षमा मागितली आणि घरी चल म्हटलं. सीता परत गेली नाही. कोणावर राग नाही असं म्हणाली, स्वतःच्या हाताने केस उपटले आणि दीक्षा घेऊन आर्यिका झाली. आपल्या ग्रंथांप्रमाणे ती तप करून अच्युत स्वर्गात प्रतींद्र झाली. वाल्मीकींच्या कथेतही वेगळं काय आहे? तिथे तिला सभेत पुन्हा शुद्धी सिद्ध करायला सांगितलं, तर तिने धरणीला हाक मारली आणि ती धरणीत गेली. एकीकडे दीक्षा, दुसरीकडे धरणी. वाटा वेगळ्या, पण राजवाड्यात परत जायला दोन्हीकडे नकारच आहे.

म्हणजे सीतेने सोसलं हे खरं, आणि एका टप्प्यावर "नाही" म्हटलं हेही तितकंच खरं. आपण लेकींना पहिलं अर्धं शिकवतो आणि दुसरं अर्धं गिळून टाकतो. अर्धी खतावणी दाखवणाऱ्या मुनीमाला आपण दुकानात ठेवत नाही, मग अर्धी सीता सांगणाऱ्यांना का ऐकून घेतो?

कोणी म्हणेल, "काकू, तुम्ही आजच्या काळाचे विचार जुन्या कथेवर लादता." तर मग आपल्याच मातीतली एक जुनी साक्ष देते. भवभूती, 'उत्तररामचरित' नाटकाचा कर्ता, आठव्या शतकातला. त्याचं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं. वा. वि. मिराशींसारख्या विद्वानांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर असं मानलं आहे. ते आज गोंदिया जिल्ह्यात येतं, पण १९९९ साली गोंदिया वेगळा होईपर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं. आमगावात भवभूतीच्या नावाचं कॉलेजही आहे. या भवभूतीने बाराशे वर्षांपूर्वी काय लिहिलं? त्याच्या नाटकात वनदेवता वासंती रामाला तोंडावर जाब विचारते. सीतेचा बाप जनक प्रजेवर आणि जावयावर संतापतो. शेवट त्याने गोड केला, राम-सीता एकत्र येतात, पण त्याआधी अरुंधती भरसभेत प्रजेला खडसावते आणि ती प्रजा सीतेपुढे मान वाकवते. सीतेवर अन्याय झाला हे म्हणायला भवभूतीला कोणता नवा विचार लागला नाही. नीट वाचणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं.

दुसरी साक्षही विदर्भातलीच. यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात रावेरी गाव आहे. तिथे सीतेचं मंदिर आहे, एकट्या सीतेचं. शेजारी राम नाही, लक्ष्मण नाही. गावकरी कथा सांगतात की, वनवासात टाकलेल्या सीतेने बाळंतपणानंतर गावात पसाभर गहू मागितला आणि गावाने दिला नाही. तिने शाप दिला, या गावात गहू पिकणार नाही. आणि म्हणे संकरित बियाणं येईपर्यंत तिथे गहू पिकला नाही. कथा खरी की खोटी हा वाद मी घालत नाही. पण विदर्भातल्या आयाबायांनी पिढ्यान् पिढ्या जी सीता जपली, ती मागणारी सीता आहे हे लक्षात घ्या. तिने मागितलं, तेही धान्य, आणि नकार मिळाल्यावर "मोठं मन" दाखवून गप्प राहिली नाही. आता विचारा, सीतेने कधी मागितलं होतं का!

या मंदिराचा जीर्णोद्धार शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या पुढाकाराने झाला. हेच शरद जोशी, ज्यांनी १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती' ही मोहीम चालवली. घरधन्याने स्वतःहून आपल्या जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करायचा, हे तिचं सूत्र. गावातल्या शंभर घरांनी असं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं गाव. पुढे १९९२ मध्ये सरकारनेही सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना काढली. जोशींचे बाकीचे विचार कोणाला पटोत न पटोत, पण ही एक गोष्ट त्यांनी नेमकी ओळखली. सीतेला मंदिर बांधून देणं सोपं आहे. तिला घराबाहेर काढलं तेव्हा पाय टेकायला तिच्या नावाची वीतभर जमीन नव्हती, हे दुखणं कागदावर दुरुस्त करावं लागतं.

सीता या शब्दाचा मूळ अर्थच नांगराचा तास. आपल्या जिल्ह्यात तर हे समजावून सांगायची गरज नाही. आषाढ-श्रावणात कोणत्याही रस्त्याने जा, चिखलात कमरेतून वाकून धानाची रोवणी कोण करतं? बायाच. निंदण कोण काढतं? बायाच. आणि त्या बांधीच्या सातबाऱ्यावर नावं कोणाची? आम्हा व्यापारी घरांतही वेगळं नाही. कर वाचवायचा असतो तेव्हा आमची नावं बरोबर आठवतात. फर्मच्या भागीदारीत बायको असते, फाईल तिच्या नावाने भरली जाते, कोऱ्या चेकवर सह्या घेतल्या जातात. मात्र तिने "माझ्या खात्यात किती आहेत?" असं विचारलं की घर गप्प होतं. माझ्या आईच्या कमरेला चाळीस वर्षं तिजोरीच्या किल्ल्या होत्या. एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं. बाबा गेल्यावर तीर्थयात्रेचे पैसे तिला मुलांकडे मागावे लागायचे. मुलं देत होती, पण मागताना ती पदराशी चाळा करायची, ते मी पाहिलं आहे.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच जणींना तो चुकीचा सांगितला जातो. हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र केलं नसेल, तर मुलगा, मुलगी, आई आणि आजी असेल तर तीही, हे सगळे सारखे वारस. हे १९५६ पासून आहे! वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. माझं लग्न १९८३ चं, म्हणजे मी बाहेरच. नंतर ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्या, न झालेल्या सगळ्याच मुलींना मुलाइतकाच हक्क दिला. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, वडील २००५ च्या आधी वारले असले तरी. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

"लग्नात इतकं दिलं ना!" दिलं असेल. पण ते लेकीला दिलं की सासरच्यांना आणि मंडपवाल्याला, याचा हिशोब एकदा मांडा. शिवाय मुलाच्या लग्नाचा, शिक्षणाचा, दुकानाच्या भांडवलाचा खर्च त्याच्या हिश्शातून वजा करता का? एका मुलाची कीर्द लिहायची आणि दुसऱ्याची कोरी ठेवायची, याला हिशोब म्हणत नाहीत.

"दोन्ही घरचं घेणार का?" घरातली सूनही कोणाची तरी लेकच आहे. तिने माहेरून हिस्सा आणला आणि आपल्या लेकीने नेला, तर ताळेबंद जुळतो. एकीला अडवलं की दुसरीही अडते.

"माहेर तुटेल." हा आक्षेप मला सगळ्यात जिव्हारी लागतो, कारण बाई इथेच हरते. पण विचार करा, सही केली तरच टिकणारं माहेर किती टिकाऊ असेल?

आणि शेवटचा आक्षेप आपल्या खास घरचा: "आपण जैन. अपरिग्रह हा आपला धर्म. सोडण्यातच पुण्य आहे." इथे मात्र मी हात जोडून पण ठामपणे बोलणार. त्याग करायला आधी वस्तू आपली असावी लागते. जे कधी हातात दिलंच नाही ते सोडलं कसं म्हणायचं? आणि त्याग स्वतःच्या मनाने होतो, दुसऱ्याने आणलेल्या कागदावर होत नाही. सीतेने केस स्वतःच्या हाताने उपटले होते. उलट, समोरच्याने मनापासून न दिलेलं घेणं याला आपल्या शास्त्रात एक नाव आहे: अदत्तादान. अचौर्य अणुव्रत घेतलेल्यांनी ते नाव विसरू नये. रडत्या बहिणीचा अंगठा घेतलेली जमीन दिलेली आहे की घेतलेली, हे प्रत्येकाने प्रतिक्रमणात स्वतःलाच विचारावं. अपरिग्रह इतकाच प्रिय असेल तर भावाने आधी आपला हिस्सा बहिणीला सोडून दाखवावा. मी त्याच्या अनुमोदनाला पहिली उभी राहीन.

काही जण सीतेच्या पूर्वभवाची कथा पुढे करतात. वेदवतीच्या भवात तिने एका मुनींची खोटी निंदा केली होती, म्हणून सीतेच्या भवात तिच्यावर आळ आला. "बघा, बायांना त्यांचं कर्मच भोवतं." अहो, ती कथा निंदा करणाऱ्याला काय भोगावं लागतं ते सांगते. म्हणजे तो इशारा आज हिस्सा मागणाऱ्या बहिणीला "लोभी", "घरभेदी" म्हणणाऱ्यांसाठी आहे. कर्मसिद्धांत दुसऱ्याचं तोंड बंद करायला नाही, स्वतःच्या वागण्याला लगाम घालायला दिला आहे.

मी असं म्हणत नाही की प्रत्येकीने कोर्टात जावं. भावाची परिस्थिती बेताची असेल, आई-वडिलांचं सगळं त्यानेच केलं असेल, आणि तुमच्या मनाने वाटलं तर खुशाल सोडा. ते खरं दान. पण तोंडी "आम्हाला काही नको" याने स्थावर मालमत्तेतला हक्क कायद्याने जात नाही, तो नोंदणी केलेल्या दस्ताने जातो. म्हणून दस्तापुढे बसण्याआधी तीन गोष्टी करा. कागद घरी आणून पूर्ण वाचा, त्यात कोणते गट नंबर आहेत ते पाहा. निदान आठ दिवस मागून घ्या. आणि स्वतः निवडलेल्या वकिलाला दाखवा, भावाच्या वकिलाला नाही. जो आठ दिवस द्यायला तयार नाही, तो तुमचं मोठं मन मागत नाही, तुमची घाई मागतो आहे.

सासू, आई, आत्या झालेल्या माझ्या वयाच्या बायकांनो, तुम्हाला वेगळं सांगते. पुरुषांनी आणलेल्या कागदाला सीतेचं नाव चिकटवण्याचं काम बरेचदा आपल्याच तोंडून करून घेतलं जातं. ते करायचं नाही. त्यापेक्षा नवऱ्याला आजच विचारा, घराच्या कागदावर माझं नाव आहे का? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारने बापाच्या आधी आईचं नाव घातलं आहे. दाखल्यावर आई आली, सातबाऱ्यावर आणायला आपल्याला कोण अडवतं?

सीतेची आरती करा, सतीमाळेत तिचं नाव घ्या, नातींना तिची गोष्ट सांगा. पण निरोपासकट सांगा, वज्रजंघासकट सांगा, आणि "घरी चल" म्हटल्यावर तिने काय उत्तर दिलं त्यासकट सांगा. अर्धी गोष्ट सांगून पूर्ण सही घेणं यापुढे तरी थांबवू या.

जय जिनेंद्र.